अळणी वरण

"सत्तावन्न," मी म्हटलं.

बाई काट्यावरून उतरल्या नाहीत. भिंतीला एक हात टेकवून तशाच उभ्या राहिल्या. आणखी थोडा वेळ दिला तर आकडा खाली येईल, असं त्यांना वाटत असावं.

"परत पाहाय."

परत पाहिलं. सत्तावन्नच. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा चोपन्न किलो होतं आणि त्याला आज नववा दिवस होता. मी खाली बसून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, मऊ कणकेत बोट रुतावं तसा.

"बाई, खरं सांगा. लोणचं खाल्लं?"

"नाई."

"पापड?"

"नाई म्हटलं ना."

एवढं बोलताना त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, गोकर्णा गावंडे. तेव्हा त्यांना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि मी बासष्टची होते. दोघींचेही नवरे गेलेले. माझी मुलगी परतवाड्याला दिलेली, त्यांचा मुलगा दिगांबर नाशिकला नोकरीला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात, त्या मोठ्या घरात, आम्ही दोघीच. एकमेकींवर फार जीव होता असं नाही. मी बावीस वर्षांची असताना लग्न होऊन आले, त्या दिवसापासून चूल बाईंची होती. भाजीत मीठ किती टाकायचं हेही मी पुढची वीस वर्षं त्यांना विचारूनच टाकलं. त्यांना कोणी उलट बोललेलं चालत नसे. पण एक गोष्ट सगळा गाव मानायचा. बाई खोटं बोलत नाहीत. बांधाच्या एका भांडणात त्यांनी सख्ख्या भावाच्या विरुद्ध साक्ष दिली होती, आणि भाऊ पुढे चार वर्षं दारात आला नव्हता.

आदल्या दिवाळीपासून त्यांचं हृदय थकत चाललं होतं. अकोल्याचे डॉ. काळपांडे समजावून सांगायचे, हृदयाचा पंप कमजोर झालाय, रक्त पुढे ढकलायला तो कमी पडतो, म्हणून पाणी अंगात साचतं. आधी पायांत, मग पोटात, मग फुप्फुसात. मीठ हे पाणी धरून ठेवतं. तेव्हा मीठ जवळजवळ बंद, दिवसाला चहा-ताक धरून दीड लिटर पाणी, सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर वजन, आणि लघवीची गोळी. आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते अंगावरचं मांस नव्हे, साचलेलं पाणी. वाट न पाहता फोन करायचा.

हे सगळं मी पाळत होते. लोणच्याची बरणी, पापडाचा डबा, मिठाचं पात्र कपाटात घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्या कमरेला होती. वरणात मी मिठाचा खडा टाकत नव्हते. पाणी मापाच्या बाटलीतून देत होते, तेही शाळेजवळच्या नळाचं, दर तिसऱ्या दिवशी येणारं गोडं पाणी. तरी तीन महिन्यांत त्या दोनदा भरती झाल्या होत्या. दवाखान्यात पाच दिवस ठेवलं की सूज उतरायची, घरी आणलं की आठवड्यात पुन्हा चढायची. मग दुसरा काय अर्थ निघणार? बाई कुठूनतरी चोरून मीठ खातात. शेजारच्या पंचफुलाकडे दुपारी बसायला जातात, तिथेच काहीतरी होत असणार.

मी दिगांबरला फोन केला आणि हे सगळं त्याला सांगितलं. "तुझी आई ऐकत नाही रे. चोरून खाते," असं अगदी ह्याच शब्दांत. मग गाडी बोलावून बाईंना अकोल्याला नेलं.

दिगांबर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. चांगला मुलगा, पण रात्रभराच्या प्रवासाने आणि काळजीने चिडलेला. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून आई पडलेली, आणि हा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून नर्ससमोर म्हणाला, "आई, ह्या वयात चोरून लोणचं खातेस? काकींनी किती करायचं तुझं?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मी खाल्लं नाई," त्या म्हणाल्या. "तुमचा भरोसा नसन तं नसू द्या."

दिगांबरने मला बाहेर बोलावून सांगितलं की त्याने नाशिकला एक ठिकाण पाहून ठेवलंय. म्हाताऱ्या माणसांना ठेवतात, नर्स असते, जेवण तोलून देतात, कोणाला चोरून खायची सोयच नाही. खोली रिकामी आहे, दवाखान्यातून सोडलं की थेट तिकडेच न्यायचं. मी मान डोलावली. आईला त्याने सांगितलं तेव्हा त्या कुशीवर वळल्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. चाळीस वर्षांत मी त्यांना भांडताना पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, पण गप्प पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गोष्ट झाली.

दवाखान्यातून बाईंचं ताट आलं. वरण, भात, दुधीची भाजी, दोन पोळ्या, सगळं बिनमिठाचं. बाईंनी दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. "घरचं बरं असते," एवढंच म्हणाल्या. अन्न टाकवेना म्हणून मी तेच ताट पुढे ओढलं आणि वरणाचा घास तोंडात घातला.

कसं सांगू, तोंडात काही आहे असंच वाटेना. नुसती उकडलेली डाळ आणि पाणी. मी आणखी एक घास घेतला. आणि हातातला घास हातातच राहिला.

घरी मी रोज बाईंचं वरण चाखत होते. बिनमिठाचं ते वरण मला कमी चवीचं लागायचं, पण असं लागत नव्हतं. हे अळणी होतं. मग घरचं काय होतं?

डाळ तीच तुरीची. हळद तीच. मीठ त्यातही नाही आणि ह्यातही नाही. फरक राहिला एकच.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीतलं पाणी खारट, बोअर कितीही खोल मारा. प्यायला आम्ही नळाचं गोडं पाणी आणायचो, पण दर तिसऱ्या दिवशी येणारं ते पाणी प्यायलाच जेमतेम पुरायचं. स्वैपाक बोअरच्याच पाण्यात. त्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून आमच्याकडे प्रत्येक बाई चिमूट-दोन चिमूट खायचा सोडा टाकते. माझी सासू टाकायची, बाई टाकायच्या, मी टाकत होते. भाकरीचं पीठ त्याच पाण्यात, भाजीचा रस्सा त्याच पाण्यात, चहासुद्धा त्याच पाण्याचा. जन्मभर तेच तोंडात असल्यावर खारट आहे हे कळणार कोणाला? "पाणी कुठलं पिता?" असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मी सांगितलं होतं, नळाचं, गोडं. ते खोटं नव्हतं. कशात शिजवता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मी उष्ट्या हाताने उठले आणि डॉक्टरांच्या खोलीपाशी जाऊन उभी राहिले. आत दुसरे पेशंट होते. नंबर येईपर्यंत हातावरचं वरण वाळलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. सोड्याचं नाव काढताच त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सोडा किती?"

"दोन चिमूट. दोन्ही वेळा."

"मीठ आणि सोडा, दोन्हीत सोडियमच असतं. शरीराला त्यात फरक नाही." मग म्हणाले, "ते पाणी मला आणून द्या. बाटलीभर."

परतवाड्याला जावयाला मी फोन केला. तो बिचारा गावाला जाऊन बाटली भरून दुसऱ्या दिवशी अकोल्याला घेऊन आला. तपासणीचा कागद संध्याकाळी हातात आला. डॉक्टरांनी आकडे वाचले आणि माझ्यासमोर टेबलावर, हे मीठच समजा म्हणत, साखरेच्या पुडीतली साखर चमच्यात ओतून दाखवली. तुमच्या पाण्यात लिटरमागे एवढं मीठ आहे, म्हणाले. वर दोन वेळचा सोडा. तुम्ही मिठाचं कपाट बंद केलंत, पण मीठ बोअरमधून येतच होतं.

मी दिगांबरला गाठलं. तो नाशिकच्या लोकांशी फोनवर बोलत होता. मी त्याला म्हटलं, आईला आत्ता हलवू नको. तीन आठवडे दे. मी सगळा स्वैपाक गोड्या पाण्यात करते. वजन वाढलं तर मीच तिला गाडीत बसवून देईन.

त्याला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, पाणी तर सगळा गाव वापरतो, बाकीच्यांचे पाय का सुजत नाहीत? डॉक्टरच मध्ये पडले. म्हणाले, बाकीच्यांचं हृदय धडधाकट आहे, त्यांचं शरीर हे मीठ बाहेर टाकू शकतं. तुमच्या आईचं नाही. तीन आठवडे मी मागतो असं समजा.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी वेगळं संकट उभं राहिलं. गोड्या पाण्यात डाळ सोड्याशिवाय लोण्यासारखी शिजली. मी खूश होऊन वाढलं. बाईंनी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला केलं.

"शशे, हे काय करून आणलं?"

"वरण."

"वरणाले चव असते. हे जनावराले दे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुसत्या दूध-भाकरीवर भागवलं. चेहरा उतरला. हातपाय गळाले. आता सूज नाही तर उपासाने जातील अशी वेळ आली. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते आणावं असं पंचफुला म्हणाली, पण डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी साफ नको म्हटलं. बाईंच्या गोळ्यांबरोबर ते घातक ठरू शकतं.

चौथ्या दिवशी बाई स्वतः चुलीपाशी येऊन पाटावर बसल्या. त्या आजारी पडल्यापासून स्वैपाकघरात आल्या नव्हत्या.

"लसूण सोल," म्हणाल्या. "दहा पाकळ्या. आन् जिरं भाजून दे, कच्चं नको."

त्या सांगत गेल्या, मी करत गेले. भरपूर लसूण लालभडक होईपर्यंत फोडणीत टाकला. सुकी मिरची निखाऱ्यावर भाजून चुरली. चिंच गोड्या पाण्यात कोळली. उतरवताना वरून लिंबू पिळलं आणि मूठभर कोथिंबीर. बाईंनी चमच्याने चाखलं, डोळे मिटून थोडं थांबल्या, आणि म्हणाल्या, "लिंबू अजून." पुन्हा चाखलं. मग ताट मागितलं. त्या दिवशी त्यांनी दीड भाकर खाल्ली. मीही तेच खाल्लं. कपाटाला कुलूप घालायचं तेव्हापासून मी सोडून दिलं, कारण दोघींचं ताट एकच झालं होतं.

पाण्याची मेहनत मात्र माझीच होती. नळ आला की आधी दोन हंडे भरायचे, आता सात. बासष्टाव्या वर्षी डोक्यावर एक, कमरेवर एक हंडा घेऊन चार-चार खेपा. रांगेतल्या बाया विचारायच्या, तुमच्या घरी लग्न आहे का. मी कारण सांगितलं तर आधी हसल्या. मग एकीने आपल्या सासऱ्याच्या सुजलेल्या पायांविषयी हळूच विचारलं.

उन्हं तापायला लागली होती. तहान बाईंना छळायची. बाटली संध्याकाळी पाचलाच संपायची. मग त्या लिंबाची फोड चोखत बसायच्या, नाहीतर गार पाण्याने नुसती चूळ भरून टाकायच्या. एकदा मी कीव येऊन अर्धा पेला जास्तीचा पुढे केला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि तुळशीत ओतला. "माह्या नावावर डाग पडला हाय," म्हणाल्या. "तो असा पुसला जाईन का?"

वजन रोज मी मोठ्याने वाचायचे आणि वहीत लिहायचे. पाचव्या दिवशी चोपन्न. आठव्या दिवशी चोपन्न. नवव्या दिवसाची मला धास्ती होती. त्या दिवशी मी आधी काट्याकडे पाहिलंच नाही, त्यांच्या पायांकडे पाहिलं. घोट्याचं हाड दिसत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. काटा साडेत्रेपन्न दाखवत होता.

बाईंनी स्वतः वाकून ते हाड चाचपलं. आता तरी त्या मला काहीतरी ऐकवतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "आज वांगं कर."

एकविसाव्या दिवशी दिगांबर आला. येताना नाशिकच्या त्या ठिकाणचे कागद भरून आणले होते, फक्त सही बाकी होती. आम्ही तिघं अकोल्याला गेलो. त्याने दवाखान्याच्या दारातून चाकाची खुर्ची आणली. बाईंनी ती रिकामीच पुढे ढकलून दिली.

डॉक्टरांनी तपासलं. पाठीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं, पाय दाबले, मानेची शीर पाहिली, वजनाची वही पहिल्या पानापासून वाचली. मग म्हणाले, "आजी, बाहेरच्या व्हरांड्यात चालून दाखवता? दम लागला की थांबायचं."

तो व्हरांडा लांबच लांब. तीन आठवड्यांपूर्वी ह्याच व्हरांड्यात त्यांना चार पावलांवर बसवावं लागलं होतं. बाई चालू लागल्या. डॉक्टर बाजूने चालत मुद्दाम प्रश्न विचारत होते, कारण चालता चालता बोलता येतं की नाही हेच त्यांना पाहायचं होतं. बाई बोलत होत्या. जिरं कच्चं का टाकू नये, लसूण किती लाल करावा, बोअरचं पाणी किती हात खोल लागतं. बोलत बोलत टोकाला गेल्या, वळल्या आणि परत आल्या. कुठे थांबल्या नाहीत. बाकांवर बसलेले पेशंट बघत राहिले. दोन नर्स दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक तीच होती, जिच्यासमोर दिगांबरने आईला लोणच्यावरून बोल लावला होता.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. "पुढची तपासणी तीन महिन्यांनी. राहणार कुठे? आहेत तिथेच." मग दिगांबरकडे वळून म्हणाले, "तुमची आई खोटं बोलत नव्हती."

दिगांबर तिथेच खाली वाकला आणि त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला हुंदका आवरेना. बाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "ऊठ, लोक पाहून रायले," एवढंच म्हणाल्या.

तो उठून माझ्याकडे आला आणि त्याने माझा हात धरला. काकी, तुमच्यामुळे आई राहिली, असं काहीबाही बोलू लागला. ते मला ऐकवेना. तीन आठवडे जे घशात अडकलं होतं ते तिथे, सगळ्यांसमोर बाहेर पडलं.

"दिगांबर, तुझ्या आईवर चोरीचा आळ मीच घेतला होता. आणि ते खरं ठरावं असं मला मनातून हवं होतं. तू नाशिकचं नाव काढलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, चाळीस वर्षांनी घर माझं होईल. मला त्या जायला हव्या होत्या."

दिगांबरचा हात माझ्या हातातून सुटला. डॉक्टर वही चाळू लागले. मी खाली बघत उभी राहिले. बाई काय म्हणतील ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"मले मालूम होतं," बाई म्हणाल्या. "फोन केला तवाच समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"काय बोलू? चाळीस वर्सं मी तुले तरास देला. तुनं मले चार दिवस देला." त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला. "बरोबरी व्हायले अजून लय दिवस लागतीन, शशिकला. तोवर मी कुठी जात नाई."

आणि बस चुकेल म्हणून त्या पुढे निघाल्या. दिगांबर पिशवी घेऊन मागे, त्याच्या मागे मी. फाटकापर्यंत पोहोचलो तेव्हा त्या आमच्या वीस पावलं पुढे होत्या, आणि मागे वळून आम्हाला हाक मारत होत्या.